कपाटातली ओल आणि विजेशिवाय चालणारे ओलशोषक: पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा ओलशोषक डबा आणणारे बहुतेक जण तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत तळाशी पाणी साचलेलं दिसतं, बरं वाटतं. कपाटातला कुबट वास मात्र जात नाही आणि चामड्याच्या पट्ट्यावर पांढरट बुरशी येतच राहते. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. डबा त्याचं काम करत होता, मीच तो चुकीच्या जागी ठेवला होता. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: विजेशिवाय चालणारे हे ओलशोषक बंद जागेसाठी आहेत. कपाट, पेटी, प्रवासी बॅग, बुटांचा खण, कॅमेऱ्याचा डबा, पुस्तकांचं काचेचं कपाट. उघडी खोली कोरडी करणं त्यांच्या आवाक्यातलं नाही.

यामागचा हिशेब एकदा करून पाहिला की पुढचं सगळं सोपं जातं. बारा चौरस मीटरची, तीन मीटर उंच खोली धरा, म्हणजे ३६ घनमीटर हवा. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. आर्द्रता ८० टक्के असेल तर त्या खोलीच्या हवेत जवळजवळ पावणेनऊशे ग्रॅम पाणी वाफ होऊन राहिलेलं असतं. ते ६० टक्क्यांवर आणायला सव्वादोनशे ग्रॅम पाणी काढावं लागेल. एवढंच असतं तर डब्याने ते कधीतरी केलंही असतं. पण दारं-खिडक्या लावल्या तरी फटींतून हवा बदलत राहते. बाहेरही तितकंच दमट असेल आणि दोन तासांतून एकदा जरी हवा पूर्ण बदलली, तरी दिवसभरात तेच काम बारा वेळा करायचं, म्हणजे अडीच लिटरांच्या वर पाणी. नेहमीचा डबा दिवसाला काही चमचेच पाणी ओढतो.

आता कपाट घ्या. एक मीटर रुंद, दोन मीटर उंच, साठ सेंटिमीटर खोल. त्यातल्या हवेची आर्द्रता ८० वरून ६० टक्क्यांवर आणायला जेमतेम सात ग्रॅम पाणी काढावं लागतं. मग डबा पहिल्या महिन्यात भराभर का भरतो? कारण कपाटातलं खरं पाणी हवेत नसतं, कपड्यांत असतं. सुती कापड हाताला कोरडं लागलं तरी दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत पाणी धरून ठेवतं. दहा किलो सुती कपडे ८० टक्क्यांच्या हवेतून ६० टक्क्यांच्या हवेत आले की पाव लिटरच्या आसपास पाणी सोडतात. पहिला डबा तेच पाणी पितो. तो लवकर भरला म्हणून घाबरू नका, आणि सगळं झालं असं समजून थांबूही नका.

पायरी १: ओल कुठून येते ते शोधा

ओलशोषक फक्त हवेतली वाफ ओढतो. भिंतीतून झिरपणारं पाणी त्याने थांबत नाही. त्यामुळे पैसे घालवण्याआधी ओलीचा प्रकार ओळखा.

जमिनीपासून वर चढलेली, साधारण हातभर ते मीटरभर उंचीवर आडवा डाग सोडणारी, रंगाचे पोपडे काढणारी आणि पांढरा लोणा आणणारी ओल बहुधा घराच्या पायातून येते. छताजवळ किंवा खिडकीच्या कोपऱ्यात गोलसर पसरणारा, पाऊस पडला की गडद होणारा डाग गळतीचा असतो. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर बाराही महिने एकाच ठिकाणी ओल दिसली तर नळाची किंवा सांडपाण्याची जोडणी तपासून घ्या. या तिन्हींना गवंडी किंवा प्लंबर लागतो. अशा भिंतीला टेकवलेल्या कपाटात कितीही डबे ठेवले तरी ते फक्त भरत राहतील.

शंका असेल तर एक साधी चाचणी आहे. तळहाताच्या दुप्पट आकाराचा ॲल्युमिनियम फॉइलचा चौकोन संशय असलेल्या जागी लावा आणि चारही बाजू चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी पाहा. खोलीकडच्या बाजूला दव धरलं असेल तर ओल हवेतली आहे. फॉइल सोलल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. मी ही चाचणी कपाटामागच्या भिंतीवर केली तेव्हा फॉइलची बाहेरची बाजू ओली होती. ओल हवेतलीच आहे हे त्याने पक्कं झालं आणि भिंत फोडण्याचा विचार सुटला.

हवेतल्या ओलीचे उगम बहुतेक घरातच असतात. झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी सोडतो. धुतलेल्या कपड्यांचा एक घाणा घरात वाळवला की दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. आणि एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: स्वयंपाकाचा गॅस जळताना त्यातूनही पाणी तयार होतं, एक किलो गॅसमागे दीड किलोच्या वर. पातेल्यातून उठणारी वाफ वेगळीच. म्हणून स्वयंपाक करताना आणि आंघोळ झाल्यावर हवा बाहेर जाईल असं पाहा, आणि कपाट असलेल्या खोलीत ओले कपडे टांगू नका. एवढ्यानेच कितीतरी डबे वाचतात.

पायरी २: हायग्रोमीटर घ्या आणि मिठाने तपासा

ओलशोषकाआधी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, घ्यावा असं मी प्रत्येकाला सांगते. डब्यात किती पाणी साचलं यावरून कपाट किती कोरडं झालं हे कळत नाही. फट उघडी असेल तर डबा बाहेरच्या खोलीतलं पाणी ओढून भरतो आणि कपाट आत होतं तसंच राहतं. आकडा फक्त हायग्रोमीटर सांगतो. छोटा, बॅटरीवरचा, हातात मावेल असा पुरेसा आहे.

असे स्वस्त हायग्रोमीटर पाच टक्के इकडे-तिकडे दाखवतात, कधी त्याहून जास्त. तपासायला साधं मीठ लागतं. बाटलीच्या झाकणात मीठ भरा आणि त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका. मीठ विरघळायला नको, ओल्या वाळूसारखा दाट लगदा व्हायला हवा. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात एकमेकांना न टेकता ठेवा, डबा बंद करा आणि रात्रभर हलवू नका. नेहमीच्या तापमानाला ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी तुमचं यंत्र ७० दाखवत असेल तर ते पाच टक्के कमी सांगतंय. तेवढा आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मागे चिकटवून टाका.

मग तो कपाटात, कपड्यांच्या मधल्या फळीवर दोन दिवस ठेवा. ६० टक्क्यांखाली असाल तर ओलशोषकाची गरजच नाही. ६० ते ७० मध्ये असाल तर जपून राहा, नाजूक वस्तूंपुरता उपाय करा. ७० च्या वर सतत राहत असेल तर बुरशीला हवं तसं वातावरण तयार झालंय. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही सांगते, आणि शक्यतो ३० ते ५० मध्ये. दमट दिवसांत विजेशिवाय ५० गाठणं अवघड आहे. कपाटात ६०च्या आसपास आणलंत तरी कपडे, बूट आणि बॅगा वाचतात.

पायरी ३: कोणता ओलशोषक कुठे

बाजारात नावं पुष्कळ असली तरी आतला माल मुख्यतः दोन प्रकारचा असतो, आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिला कॅल्शियम क्लोराइड. पांढरे खडे किंवा गोळ्या. दमट हवेत मिठाला पाणी सुटतं तसंच याला सुटतं, पण साध्या मिठाला त्यासाठी ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते आणि कॅल्शियम क्लोराइड ३० टक्क्यांच्या आसपासही पाणी ओढत राहतं. खडे आधी चमकायला लागतात, मग एकमेकांना चिकटतात, मग विरघळून खाली थेंब पडू लागतात. ८० टक्क्यांच्या हवेत शुद्ध, कोरडं कॅल्शियम क्लोराइड स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त पाणी घेऊ शकतं, ६० टक्क्यांच्या हवेत दुपटीच्या आसपास. पाकिटातल्या खड्यांत आधीच थोडं पाणी असतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी धरा. हा माल एकदाच वापरायचा.

याचे दोन आकार मिळतात. एक दोन मजली डबा: वर खडे, मध्ये जाळी, खाली पाणी साचायची जागा, आणि तोंडावर वाफ आत जाऊ देणारा पण पाणी बाहेर न येऊ देणारा पातळ पडदा. दुसरी हँगरला टांगायची पिशवी: वरच्या कप्प्यात खडे, खालच्या प्लास्टिकच्या कप्प्यात पाणी. डबा तळाशी ठेवायला बरा, पिशवी उंच कपाटात जागा वाचवते.

दुसरा सिलिका जेल. बुटांच्या खोक्यांत आणि औषधांच्या बाटल्यांत सापडणाऱ्या पुड्यांमधले दाणे ते हेच. नाव जेल असलं तरी ते कडक, काचेसारखे दाणे असतात आणि त्यांच्या आत इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ कित्येकशे चौरस मीटर भरतं. वाफ त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसते. दाणा विरघळत नाही, ओला होत नाही, सांडला तर झाडूने गोळा करता येतो. भरपूर दमट हवेत तो स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त पाणी घेतो, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडच्या मानाने फारच कमी. पण तापवला की पुन्हा कोरडा होतो आणि वर्षानुवर्षं वापरता येतो. पहिल्या महायुद्धात वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत हाच पदार्थ वापरला गेला होता.

म्हणून माझी वाटणी अशी: कपड्यांचं कपाट, बुटांचा खण, जिन्याखालची अडगळ अशा मोठ्या आणि पूर्ण घट्ट न लागणाऱ्या जागांना कॅल्शियम क्लोराइड. कॅमेरा, दुर्बीण, कागदपत्रं, फोटो, शिवणयंत्राच्या सुया, हत्यारांची पेटी अशा छोट्या घट्ट डब्यांना सिलिका जेल. कागदपत्रांच्या पेटीत खड्यांचा डबा कधीच ठेवू नका. का, ते पुढे सांगितलंय.

बेंटोनाइट मातीच्या पुड्याही मिळतात. त्या सिलिका जेलसारख्याच वापरायच्या, फक्त पाणी थोडं कमी घेतात. सक्रिय कोळसा वासासाठी उत्तम आहे, ओलीसाठी फारसा नाही. खाण्याचा सोडा वास थोडा कमी करतो, ओल नाही. डांबराच्या गोळ्या ओल ओढतात असा समज आहे तो चुकीचा आहे. त्या किड्यांसाठी असतात आणि त्यांचा वास कुबट वासाला झाकतो, त्यामुळे उलट ओल लक्षात यायला उशीर होतो. कळीचा चुना काही जण सुचवतात. तो पाणी घेताना इतका तापतो, फुगतो आणि कातडीला इतका बाधतो की घरात, तोही कपड्यांच्या कपाटात, ठेवूच नये.

रंगीत सिलिका जेल घेणार असाल तर एक काळजी घ्या. ओल धरल्यावर निळ्याचा गुलाबी होणारा प्रकार कोबाल्ट क्लोराइडमुळे रंग बदलतो आणि कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला घातक आहे. घरासाठी नारिंगी दाणे घ्या, ते ओल धरली की हिरवे पडतात. पांढरे साधे दाणे घेऊन वजनावर लक्ष ठेवलं तर रंगाची गरजही नाही.

पायरी ४: कपाट तयार करा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण ती गाळतात. माझ्या मते निम्मं यश यातच आहे.

कपाट पूर्ण रिकामं करा. बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने झटकू नका, तिचे बीजाणू सगळीकडे उडतात. नाकावर मास्क लावा, फडक्याला साबणाचं पाणी लावून पुसून घ्या, मग स्वच्छ ओल्या फडक्याने, मग कोरड्या. कपाट दार उघडं ठेवून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. लाकूड आतपर्यंत वाळायला दिवस-दोन दिवस लागतात. ओलशोषक बुरशी मारत नाही, तिची पुढची वाढ रोखतो एवढंच. आत राहिलेला थर तसाच राहील आणि वासही.

कपडे आत ठेवण्याआधी खरोखर कोरडे हवेत. नुसती इस्त्री केलेला कपडा गरम असतो, कोरडा असेलच असं नाही. इस्त्रीनंतर तासभर उघड्यावर टांगा. एकदा घालून काढलेला कपडा तसाच आत ठेवू नका. ओल्या राहिलेल्या कापडावर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलं असेल तर चार-पाच सेंटिमीटर पुढे ओढा. ३० अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा २४ अंशांना थंड झाली की तिला दव सुटतं. बाहेरची भिंत रात्री तेवढी थंड होऊ शकते आणि भिंत व पाठीमागची फळी यांमधल्या बिनहवेच्या फटीत ते दव साचून राहतं. कपाटाच्या मागच्या फळीवर बुरशी आणि पुढच्या दारावर काहीच नाही असं दिसलं तर कारण हेच.

शेवटी फटी. संध्याकाळी कपाटात मोबाइलचा टॉर्च चालू ठेवा, दार बंद करा आणि खोलीतला दिवा घालवा. जिथून उजेड दिसतो तिथून ओलही जाते. दाराच्या कडेला चिकटणारी फोमची पट्टी लावा, वायरसाठी पाडलेली भोकं बुजवा, बिजागरी सैल असेल तर घट्ट करा. माझ्या कपाटाचं एक दार खालच्या बाजूला बोटभर उघडं राहत होतं. ती फट बंद केल्यावर जो डबा तीन आठवड्यांत भरत होता तो दोन महिने पुरला आणि हायग्रोमीटरचा आकडा पहिल्यांदा ६५ च्या खाली उतरला.

पायरी ५: ठेवणं

डबा सगळ्यात खालच्या फळीवर, सपाट जागी, कपड्यांना न टेकता. ओल जड असते म्हणून ती खाली बसते, असं काही जण सांगतात. ते खरं नाही, दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. खाली ठेवायचं कारण वेगळं आहे: कलंडला तर पाणी कशावर सांडणार नाही. शिवाय खालचा भाग बहुधा थंड असतो आणि तिथे आर्द्रता जास्त भरते. डब्याखाली प्लास्टिकची खोल थाळी ठेवा, अख्ख्या डब्यातलं पाणी मावेल एवढी.

टांगायची पिशवी दांडीच्या टोकाला, दोन्ही बाजूंना चार बोटं जागा सोडून टांगा. वरचा कप्पा कपड्याने झाकला गेला तर वाफ आत जाणार नाही. चामड्याच्या जाकिटाशेजारी पिशवी नको.

वरचं आवरण काढताना पॅकेटवरची सूचना वाचा. डब्याच्या तोंडावर सहसा दोन थर असतात. वरचा चमकणारा थर फक्त काढायचा असतो, खालचा कागदासारखा पांढरा पडदा तसाच राहू द्यायचा. दोन्ही थर फाडणारे मी पाहिले आहेत, आणि वरचा न काढता महिनाभर ठेवून डबा खराब निघाला म्हणणारेही.

किती ठेवायचे? वर सांगितलेल्या मापाच्या कपाटाला पाचशे मिलिलिटर पाणी साठवणारा एक डबा सुरुवातीला पुरेसा आहे. सात दिवसांनी आकडा पाहा. उतरत नसेल तर दुसरा डबा आणण्याआधी पुन्हा फटी पाहा.

घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात गणित अजून हलकं आहे. दहा लिटरच्या डब्यातल्या हवेत पाणी एका ग्रॅमपेक्षाही कमी असतं. पन्नास ते शंभर ग्रॅम सिलिका जेल तिथे कित्येक महिने चालतं, डबा वारंवार उघडत नसाल तर. कॅमेरा आणि लेन्ससाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवा. ३० च्या खाली फार दिवस राहू देऊ नका. चामडं कडक होतं, लाकडी वाद्याला तडा जाऊ शकतो, जुना कागद ठिसूळ होतो. आकडा फार खाली गेला तर थोडे दाणे काढून घ्या.

पायरी ६: लक्ष ठेवणं आणि बदलणं

आठवड्यातून एकदा कपाट उघडाल तेव्हा आकडा आणि डबा दोन्ही पाहा. कपाटाच्या दारावर आतून एक चिठ्ठी लावा: तारीख, आकडा, पाण्याची पातळी. तीन-चार नोंदी झाल्या की तुमच्या कपाटाचा वेग कळतो. खडे पूर्ण विरघळले किंवा पाणी खुणेच्या रेषेला टेकलं की डबा बदला. कधी खड्यांचा वर कडक थर जमतो आणि खाली कोरडे खडे अडकतात, तेव्हा डबा हलकेच बाजूंनी थोपटा, उलटा करू नका.

दार उघडझाप कमी ठेवा. आणि हवा खेळती ठेवायची म्हणून कपाटाची दारं दिवसभर उघडी टाकायची की डबा ठेवून बंद करायची, यातलं एकच निवडा. बाहेर खरोखर कोरडं असेल तर दारं उघडा, डबा झाकून ठेवा. बाहेर उबदार आणि दमट असेल तर बंद ठेवा. यात एक बारकावा आहे: पहाटे बाहेरची हवा ९५ टक्के दिसली तरी ती २० अंशांची असेल, तर तिच्यात घनमीटरमागे १६ ग्रॅमच पाणी असतं. खोलीतल्या ३० अंशांच्या, ७० टक्क्यांच्या हवेत २१ ग्रॅम असतं. अशा वेळी खिडकी उघडल्याने खोली कोरडी होते. केवळ टक्के पाहू नका, तापमानही पाहा.

सिलिका जेलसाठी वजनकाटा वापरा. नवीन किंवा नुकतंच तापवलेलं जेल कापडी पिशवीत भरून वजन करा आणि पिशवीवर लिहा, उदाहरणार्थ १०० ग्रॅम. पिशवी १२० ग्रॅम भरली की तापवायची वेळ झाली. दाणे पिशवीतून काढून धातूच्या पसरट ट्रेमध्ये एका थरात पसरा आणि ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवा. हा ट्रे यापुढे फक्त याच कामाचा. मायक्रोवेव्हमध्ये दाणे एका जागी जास्त तापून फुटतात. उन्हात ठेवून थोडं पाणी जातं, पण दमट दिवसाच्या उन्हात पूर्ण कोरडं होत नाही, काट्यावर ठेवून स्वतःच पाहा. तापवलेले दाणे उघड्यावर गार करू नका, गार होता होता पुन्हा ओल धरतात. कोमट झाले की काचेच्या घट्ट बरणीत भरा.

पाणी दिसतं ते पाणी नसतं

डब्यात साचलेलं द्रव हे कॅल्शियम क्लोराइडचं दाट खारट पाणी आहे. माझ्या हातून एकदा भरलेला डबा लाकडी फळीवर कलंडला. वाटीभरच सांडलं होतं. कोरड्या फडक्याने पुसलं आणि विसरले. दुसऱ्या दिवशी तिथे बोट लावलं तर चिकट, तेलकट ओल. पुसलं, पुन्हा ओलं. तीन आठवडे ती जागा वाळली नाही, आणि फळीच्या कडेचे दोन स्क्रू तांबूस गंजाने फुलून आले. फळीत मुरलेला क्षार हवेतून पाणी ओढतच होता, सांडलेला प्रत्येक थेंब म्हणजे एक नवा ओलशोषक झाला होता.

म्हणून सांडलं तर कोरड्याने टिपून थांबू नका. भरपूर स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुवा, दर वेळी टिपून घ्या, मग वाळवा. कपड्यावर पडलं तर तो लगेच साध्या पाण्यात खळबळून धुवा. चामड्यावर पडलं तर ते आकसतं आणि कडक होतं, बहुतेक वेळा पूर्ववत होत नाही. धातू गंजतो. कागदपत्रांच्या पेटीत हे का ठेवायचं नाही ते आता लक्षात आलं असेल.

डबा रिकामा करताना हातमोजे घाला. द्रव संडासात किंवा मोरीच्या जाळीत ओता आणि मागोमाग बादलीभर पाणी सोडा. स्टीलच्या सिंकमध्ये ओतलंत तर सिंकही धुऊन काढा, क्षाराने स्टीलवर बारीक खड्डे पडतात. कुंडीत किंवा बागेत कधीही नको, झाडं मरतात. द्रव उकळून खडे परत मिळवायचा खटाटोप करू नका, ते उसळून अंगावर उडतं. आणि कोरड्या खड्यांवर पाणी ओतू नका, मिश्रण चटका बसण्याइतकं तापतं.

घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर खालच्या फळीचा सल्ला तुमच्यासाठी नाही. दार कुलूपबंद होत असेल तरच डबा ठेवा, नाहीतर उंचावर टांगायची पिशवी घ्या, किंवा सिलिका जेल जाड शिवलेल्या पिशवीत ठेवा. साधं सिलिका जेल विषारी नसतं, पण दाणे घशात अडकू शकतात. खड्यांचं पाणी डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळे धुवा आणि डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, तोंड धुवा आणि पाकीट सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा.

सुटे खडे घेऊन स्वतः डबा करायचा असेल तर

सुटे खडे स्वस्त पडतात आणि डबा वर्षानुवर्षं वापरता येतो. एकात एक बसणारे दोन प्लास्टिकचे डबे घ्या. धातूचे नकोत. आतल्या डब्याच्या तळाला खड्यांपेक्षा बारीक अशी वीस-पंचवीस भोकं पाडा आणि तो बाहेरच्या डब्याच्या काठावर अडकून खाली निदान एक वीत जागा राहील असं पाहा. हातमोजे आणि चष्मा घालून आतला डबा खड्यांनी निम्मा भरा. तोंडावर मास्कसाठी वापरतात तसलं न विणलेलं कापड ताणून रबराने बांधा. बाहेरच्या डब्यावर ठळक अक्षरात काय आहे ते लिहा. आतला डबा उचलून पाणी किती झालं ते आठवड्याला पाहा, कारण या घरगुती डब्याला पाणी अडवणारा पडदा नसतो आणि कलंडला की सगळं सांडतं. उरलेले खडे काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकणाच्या आट्यांवर चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. नुसती पिशवी गाठ मारून ठेवलीत तर दमट हंगाम यायच्या आत तिच्यातच पाणी झालेलं असेल.